पडल्याशिवाय येत नाही? कोण म्हणतं!

महागडी माउंटन बाइक घेतो, हेल्मेट घेतो, चकचकीत जर्सी घेतो. पण ती चालवायला शिकायला जायचं म्हटलं की लगेच इगो आडवा येतो. टेकडीवर सायकल घालणाऱ्या सगळ्यांसाठी चार रोखठोक गोष्टी.

लहानपणी सायकल शिकलात तो दिवस आठवतोय? बाबा मागून सीट धरून पळत होते, तुम्ही 'सोडू नका हां, सोडू नका' असं ओरडत होतात आणि त्यांनी मघाशीच सोडलेलं होतं. मग धपकन पडलात. गुडघा फुटला. आजीने हळद लावली आणि ते ठरलेलं वाक्य टाकलं, 'पडल्याशिवाय का कुणाला सायकल येते?'

त्या दिवसापासून ते वाक्य आपल्या डोक्यात फिट्ट बसलंय. घरासमोरच्या गल्लीत ते चालूनही गेलं. वेग कमी, उंची कमी, पडलो तरी खरचटण्यापलीकडे काही नाही. पण आता आपण त्याच वाक्याच्या भरवशावर टेकडीवरून, घाटातल्या पायवाटेवरून, दगडधोंड्यांतून सायकल खाली सोडतो. आणि पडलो की एकमेकांना तेच सांगतो, 'अरे होतं असं, पडल्याशिवाय येत नाही.'

मला ते वाक्य एका मनगटाला पडलं.

ऑक्टोबर महिना. पाऊस नुकताच उघडलेला. पुण्यातली एक टेकडी, सकाळी सातची वेळ. आमचा सहा जणांचा ग्रुप, त्यात मी एकटीच मुलगी. उतारावर वाळलेला मुरूम, म्हणजे फरशीवर साबुदाणा सांडावा तसा. पुढचे चौघे भर्रकन निघून गेले. मी घाबरले. हात ताठ झाले, डोळे पुढच्या चाकाला चिकटले आणि मी पुढचा ब्रेक कचकन दाबला. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. मी मात्र थांबले नाही.

उजवं मनगट फ्रॅक्चर. पाच आठवडे प्लास्टर. सबमिशन तोंडावर आणि लिहायचा हातच गळ्यात बांधलेला. मनगट यथावकाश जुळलं, पण उताराची भीती काही जाईना. पुढचे तीन महिने उतार आला की मी सायकलवरून उतरून चालायला लागायचे. ग्रुपमधले मित्र मनापासून मदत करत होते. एक म्हणायचा, 'अगं, वजन मागे टाक.' दुसरा म्हणायचा, 'ब्रेकच मारू नकोस, बिनधास्त सोड.' तिसरा म्हणायचा, 'फक्त मागचा ब्रेक मार.' तिघंही प्रेमाने सांगत होते. तिघांनाही कुणी शिकवलेलं नव्हतं.

सायकलचाही क्लास?

शेवटी एका मैत्रिणीने मला एका दादाकडे पाठवलं. शनिवारी सकाळी चार-पाच जणांना घेऊन माउंटन बाइकिंग शिकवणारा. घरी सांगितलं तर आई हसली, 'आता सायकलचाही क्लास? चौथीत शिकलीस की!' तिचं बरोबर होतं. आपल्याकडे दहावीचा क्लास, बारावीचा क्लास, सीईटीचा क्लास, एमपीएससीचा क्लास. क्लास शब्द ऐकला तरी पोटात गोळा येतो. त्यात सायकल ही तर क्लासमधून सुटल्यावर करायची गोष्ट!

पहिल्या शनिवारी दादाने आम्हाला टेकडीवर नेलंच नाही. एका शाळेच्या सपाट मैदानावर बोलावलं. खडूचा डबा आणि पाण्याच्या सहा रिकाम्या बाटल्या, एवढंच सामान. माझी कहाणी ऐकून त्याने एकच प्रश्न विचारला.

'पडलीस तेव्हा कुठे बघत होतीस?'

'चाकासमोर.'

'मग गेलीसही तिथेच.'

मग त्याने हिशोब मांडला. ताशी 20 किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला साधारण साडेपाच मीटर. तुम्ही चाकाच्या एक मीटर पुढे बघत असाल, तर दगड दिसल्यापासून दगडावर पोचेपर्यंत तुमच्याकडे सेकंदाचा पाचवा भागसुद्धा नसतो. तेवढ्यात डोळ्यांनी बघायचं, डोक्याने ठरवायचं आणि हातांनी वळवायचं. शक्यच नाही. म्हणजे मी घाबरट होते म्हणून पडले नव्हते. मी बघत चुकीच्या जागी होते. हे कळल्यावर मला काय वाटलं ते सांगता येत नाही. तीन महिने मी स्वतःला भित्री समजत होते.

पुढचा धडा ब्रेकचा. खडूची रेघ मारली. रेघेवर आल्यावर ब्रेक दाबायचा आणि कुठे थांबतो ते बाटली ठेवून मोजायचं. आधी फक्त मागचा. चाक लॉक झालं, सायकल घसरत घसरत बरीच पुढे गेली. मग फक्त पुढचा, पण एका बोटाने आणि हळूहळू वाढवत. जवळपास निम्म्या अंतरात थांबले! ज्या ब्रेकला मी शत्रू समजत होते, तोच खरं काम करतो. कारण ब्रेक लागला की सगळा भार पुढच्या चाकावर येतो, आणि जिथे भार तिथे पकड. 'ब्रेक म्हणजे ट्यूबलाइटचं बटण नाही,' दादा म्हणाला, 'पंख्याचा रेग्युलेटर आहे.'

हे एक वाक्य माझ्या तीन मित्रांच्या तीन सल्ल्यांपेक्षा भारी होतं.

मग उभं राहायला शिकलो. हो, सायकलवर उभं राहायला. उतारावर सीटवर बसून राहिलात की प्रत्येक धक्का थेट पाठीला. दोन्ही पेडल जमिनीला समांतर, टाचा किंचित खाली, गुडघे आणि कोपरं वाकलेली, कंबर मागे, छाती खाली, नजर पुढे. कबड्डीत रेडर अंगावर आला की डिफेंडर जसा तयारीत उभा असतो तसं. 'पाय जड, हात हलके,' एवढंच लक्षात ठेवायचं. वजन पायांवर असलं की हँडल मोकळं राहतं आणि पुढचं चाक खडबडीतून आपली वाट काढतं. माझे हात ताठ होते, म्हणजे मी हँडलला लटकलेले होते.

तिसऱ्या शनिवारी वळणं. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. बाहेरच्या बाजूचा पाय खाली. सायकल आत झुकवायची, स्वतः तिच्यासोबत आडवं व्हायचं नाही. सहा बाटल्यांच्या मधून नागमोडी, तास-दीड तास. कंटाळा आला का? आला. पण तालमीत वस्ताद पहिल्या दिवशी कुठे कुस्ती लावतो? तबल्याच्या क्लासला गेलात तरी आधी महिनोन् महिने तेच बोल घोटावे लागतात. आपल्याला ही पद्धत नवीन नाही. सायकलच्या बाबतीतच का कोण जाणे, आपण थेट आखाड्यात उडी मारतो.

चौथ्या शनिवारी दादा मला त्याच उतारावर घेऊन गेला. सायकली वर ठेवल्या आणि आम्ही आधी पायी खाली उतरलो. कुठे मुरूम जाड आहे, कुठे कातळ उघडा आहे, वेग कुठे कमी करायचा, कुठे सोडायचा, सगळं मीच बोलून दाखवायचं. मग वर जाऊन सायकलवर बसले. खाली आले. मध्ये एकदा पाय टेकला. पण या वेळी पाय का टेकला ते मला कळलं. ब्रेक उशिरा सोडला होता. दुसऱ्या फेरीत नाही टेकला.

माझा सगळा मुद्दा या 'का कळलं'मध्ये आहे. नुसतं पडलात तर हाती भीती लागते. का पडलात हे कुणी दाखवून दिलं, तर त्यातून कौशल्य येतं.

1976 पासून सुरुवात कशाला?

हा खेळ जन्मला तेव्हा खरोखर पडून पडूनच शिकावं लागत होतं. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत 1976 साली काही पोरांनी जुन्या, जाड टायरच्या, वजनदार सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडण्याची शर्यत सुरू केली. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही नावं त्यातलीच. ब्रेक कुठला, तर पेडल उलटं फिरवलं की मागच्या हबमध्ये लागणारा. एका उतारात तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं, म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रीपॅक' पडलं.

त्यांना शिकवायला कुणी नव्हतं. पण त्यानंतर जवळपास 50 वर्षं गेली. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून क्रॉस-कंट्री माउंटन बाइकिंग ऑलिम्पिकमध्ये आहे. डिस्क ब्रेक आले, सस्पेन्शन आलं, चालता चालता सीट खाली करणारी ड्रॉपर पोस्ट आली. त्यासोबत शिकवायचं शास्त्रही आलं. कॅनडातली प्रोफेशनल माउंटन बाइक इन्स्ट्रक्टर्स असोसिएशन तर शिकवणाऱ्यांनाच शिकवते आणि प्रमाणपत्र देते. आपण मात्र आजची सायकल घेतो आणि शिकण्याची पद्धत 1976 ची!

आपल्याच सह्याद्रीत गिर्यारोहणाचं बघा. कातळावर चढणाऱ्या मुलांना कुणी 'पडल्याशिवाय येत नाही' म्हणत नाही. आधी गाठी, मग दोर, मग छोटा कातळ. 1965 मध्ये सुरू झालेल्या उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत जाऊन बेसिक आणि ॲडव्हान्स कोर्स करणारी कितीतरी मराठी मुलं-मुली आहेत, आणि ते अभिमानाने सांगतात. तिथे शिकणं म्हणजे कमीपणा नाही. मग सायकलवरच का?

किलोमीटर झाले, पुढे काय?

मला वाटतं, याचं एक कारण आपल्या मोजमापात आहे. महाराष्ट्रात सायकलिंगचं वेड जबरदस्त आहे. पंढरपूरची सायकलवारी आहे. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायची ब्रेव्हे आहे. एकाच मोसमात 200, 300, 400 आणि 600 केलं की 'सुपर रँडोनर' म्हणून मिरवता येतं. नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' शर्यत जोडीने पूर्ण केली. दमसास आपल्याकडे आहे, आणि त्याचा मान राखायलाच हवा.

पण ट्रेलवर दमसास पुरत नाही. रस्त्यावर 100 किलोमीटर मारणारा माणूस पायवाटेच्या पहिल्या 100 मीटरमध्ये आडवा होऊ शकतो. मोबाइलच्या ॲपला किती किलोमीटर झाले, किती चढण झाली हे समजतं. वळणात तुमचा बाहेरचा पाय खाली होता की नाही, हे त्याला समजत नाही. जे मोजलं जात नाही ते आपण शिकत नाही.

'यूट्यूब आहे की!' हेही नेहमीचं. आहे ना, मीही बघते. अडचण एवढीच की यूट्यूब तुम्हाला दिसतं, तुम्ही यूट्यूबला दिसत नाही. मला शंभर टक्के वाटायचं की माझी कोपरं वाकलेली आहेत. दादाने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दाखवलं तेव्हा कळलं, लाटणं बांधल्यासारखे हात होते.

आणि हे फक्त नवख्यांचं नाही. टोकियो ऑलिम्पिकची 2021 मधली शर्यत आठवा. मॅथ्यू व्हॅन डर पोल, जगातल्या सगळ्यात तगड्या सायकलपटूंपैकी एक. एका मोठ्या दगडावरून खाली उतरताना, सरावाच्या वेळी तिथे असलेली फळी शर्यतीतही असेल असं तो धरून चालला. फळी काढलेली होती. हँडलवरून सरळ खाली. टॉम पिडकॉक सुवर्ण घेऊन गेला. एवढ्या दर्जाच्या माणसालाही वाट बघून घेण्याचा धडा चुकला नाही, तर आपण कोण?

कोच कसा ओळखायचा?

तुमच्या ग्रुपमधला सगळ्यात फास्ट पोरगा म्हणजे कोच नव्हे. त्याला उतरता येतं, पण कसं उतरतो ते सांगता येतंच असं नाही. आठवा, रमाकांत आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. पण त्यांच्या हाताखालून सचिन घडला. खेळता येणं आणि शिकवता येणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत.

चांगला कोच आधी तुमच्या सायकलकडे बघतो. ब्रेकचे लिव्हर तुमच्या बोटांना पोचतात का, टायरमध्ये हवा ठासून तर भरली नाही ना. मग सपाट जागेवर तुम्हाला बघतो. एका वेळी एकच गोष्ट सांगतो. 'रिलॅक्स हो' असं म्हणत नाही, कारण घाबरलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नसतो. 'खांदे सोड, एक बोट ब्रेकवर ठेव' असं करता येण्यासारखं सांगतो. प्रथमोपचाराची पेटी त्याच्या बॅगेत असते. आणि 'हा उतार तुझ्यासाठी आज नाही' हे सांगायची त्याला लाज वाटत नाही.

हे शेवटचं फार महत्त्वाचं, विशेषतः मुलींसाठी. ग्रुपमध्ये आम्हाला दोनच गोष्टी ऐकायला मिळतात. 'अगं उतर, चालत ये' किंवा 'काही होत नाही, सोड बिनधास्त'. एकात आमच्यावर विश्वास नाही, दुसऱ्यात आमची काळजी नाही. 'आज नाही, तीन आठवड्यांनी' असं सांगून ते तीन आठवडे सोबत राबणारा माणूस हवा असतो. मुलांनाही तोच हवा असतो, फक्त ते बोलत नाहीत.

पैशाचं काय?

मान्य, फुकट नाही. पण आपला खर्च बघा. मित्राने नवा फोर्क टाकला की आपल्यालाही हवा असतो. हलकं चाक, भारी टायर, कार्बनचं काहीतरी. मी फ्रॅक्चरवर घालवलेल्या पैशांत वर्षभर शिकले असते. चौघांनी मिळून एका कोचला बोलावलं तर वाटणीला येणारा खर्च एखाद-दुसऱ्या हॉटेलिंगएवढा येतो.

आणि गावात, तालुक्याला कोच कुठून आणायचा? हा प्रश्न खरा आहे. नळीखालून पाय घालून वडिलांची मोठी सायकल हाकणाऱ्या पोरांचा बॅलन्स बघितलाय का कधी? कच्च्या रस्त्याची सवय त्यांना शहरातल्या आपल्यापेक्षा जास्त. त्यांना फक्त कुणीतरी नीट बघणारं हवं. म्हणून ज्यांना हा खेळ जमतोय त्यांना माझं थेट सांगणं आहे, शिकवायला शिका. प्रथमोपचाराचा कोर्स करा, कोचिंगचं प्रशिक्षण घ्या. 2023 मध्ये आशियाई माउंटन बाइक स्पर्धा आपल्या देशात, केरळच्या पोन्मुडीला झाली. खेळ वाढतोय. खेळणारे वाढतील तसे शिकवणारेही लागणारच.

टेकडी पण शिकवणी मागते

शेवटचा मुद्दा टेकडीचा. ब्रेक दाबून मागचं चाक फरफटत नेणं आपल्याला स्टाइल वाटते. ज्याला ब्रेक मारता येत नाही तोच चाक फरफटवतो. त्या फरफटीची चर पडते, पहिल्या पावसात पाणी त्याच चरीतून धावतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत पायवाटेचा ओढा होतो. शिवाय ती वाट एकट्या सायकलवाल्यांची नाही. सकाळी फिरायला येणारे आजी-आजोबा असतात, गुरं असतात, मोर असतात. वळणाआड माणूस दिसल्यावर तुम्हाला थांबता येत नसेल, तर तुम्ही फास्ट नाही, धोकादायक आहात. टेकडीवर सायकलींना बंदी आली तर दोष वन विभागाला देण्याआधी आपल्या ब्रेकच्या खुणा बघाव्या लागतील.

मी आजही पडते. मागच्याच महिन्यात शेवाळलेल्या कातळावर आडवी झाले. कोपर सोलवटलं. आजीला फोनवर सांगितलं तर ती लगेच म्हणाली, 'पडल्याशिवाय का येतं?'

मी म्हटलं, 'आजी, येतं गं. पडले, कारण ओल्या कातळावर सायकल झुकवली. तिथे सरळ ठेवायची असते.'

ती दोन सेकंद गप्प बसली. मग म्हणाली, 'हे तुला कुणी सांगितलं?'

या शनिवारी करून बघा

* नवी किंवा उसनी सायकल हातात आली की आधी पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे ते बघा. सगळ्या सायकलींना तो एकाच बाजूला नसतो.
* सपाट मैदानावर खडूची रेघ मारा. एका बोटाने, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत, चाक न घसरता थांबा. वीस वेळा.
* सहा बाटल्या मांडून नागमोडी फिरा. नजर समोरच्या बाटलीवर नाही, तिच्या पुढच्या बाटलीवर.
* मित्राला बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. कोपरं खरंच वाकली आहेत का?
* नवा उतार आधी पायी उतरा. हेल्मेटशिवाय नाही आणि एकट्याने तर नाहीच.